कीबोर्ड उघडला की ‘नोंदवा’ बटन सापडत नाही, कोडमधून कुठं न्यायचं?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ)
आमच्याकडे कापूस वेचणीला बाया येतात. संध्याकाळी धुऱ्यावर ताणकाट्याला गाठोडं लावायचं आन् आई एकेकीचं वजन वहीत लिहायची. तिच्यासाठी कोटलिन या भाषेत अँड्रॉइडचं अ‍ॅप केलं, कन्स्ट्रेंटलेआउट (स्क्रीनवरच्या गोष्टी एकमेकींना बांधून मांडायची पद्धत) वापरून. आकडा टाकताना कीबोर्ड बटन झाकतो, म्हणून मी तेव्हा बटनाचा वाय (वरून खाली मोजलेलं अंतर) १२५० करतो. माझ्या १०८० बाय २४०० च्या फोनवर ते बरोबर बसतं. आईचा फोन ७२० बाय १६०० चा, तिथं ते कीबोर्डखालीच राहतं. काल अंधार पडत आलेला, बाया घाईत, आणि आई म्हणते, “बाबू, थे बटन कुठी गेलं?” दोघींची नोंद राहिली. बाजाराच्या दिवशी चुकारा त्यावरच होतो. हे कच्चं ठेवून चालणार नाही.

उत्तर (वर्धा)
वाय पिक्सेलमध्ये असतो. १६०० पैकी १२५० म्हणजे पाऊण स्क्रीनच्याही खाली. डीपीत (स्क्रीनच्या घनतेनुसार जुळणारं माप) मोजलं तरी कीबोर्डची उंची फोनगणिक बदलते, तेव्हा आकडा ठरवूच नका. बटन वजनाच्या रकान्याला बांधा. कन्स्ट्रेंटसेटमध्ये (या बांधण्यांचा संच) लेआउट क्लोन करा, म्हणजे त्याची नक्कल घ्या, बटनाचा बॉटम क्लियर करा, टॉप रकान्याच्या बॉटमला कनेक्ट करा, मग अप्लायटूनं तो संच लेआउटला लावा. आतल्या प्रत्येक व्ह्यूला (बटन, रकाना वगैरे) आयडी द्या, नाहीतर क्लोन करतानाच अ‍ॅप बंद पडेल.

उत्तर (पुसद)
मी बटन खालीच ठेवतो, अंगठ्याजवळ. विंडोइन्सेट्समधून (सिस्टमनं स्क्रीनवर व्यापलेल्या जागेची माहिती) आयएमईची, म्हणजे कीबोर्डची उंची मिळते, तेवढा ट्रान्सलेशनवाय (मूळ जागेपासून खाली-वर सरकणं) उणे करायचा, म्हणजे बटन वर जातं. खाली नेव्हिगेशन बारची जागा आधीच सोडली असेल तर ती त्यातून वजा करा. टार्गेट एसडीके ३५ (अँड्रॉइड १५ ची पातळी) केलं की अँड्रॉइड १५ वर अ‍ॅप काठापर्यंत पसरतं, त्यामुळे कीबोर्डची जागा आपणच सोडायची असते.

प्रश्नकर्ता
दोन्ही करून पाहिलं. कीबोर्ड उघडला का, हे इन्सेट्सवरून ओळखतो, पण बटन रकान्याखालीच नेतो. आई दाबायच्या आधी आकडा पुन्हा वाचते, तिची नजर तिथंच असते. मिटला की मूळ कन्स्ट्रेंटसेट परत लावतो. अप्लायटूच्या आधी ट्रान्झिशनमॅनेजरचं बिगिनडिलेड ट्रान्झिशन घातलं, त्यामुळे बटन सरकताना दिसतं. आज धुऱ्यावर आईनं सगळ्यांची वजनं एकटीनं टाकली, मला हाक मारली नाही.