उत्तर: एसएसडी आणि लॅन केबलने आवाज बदलतो का?
एसएसडीवरून (फिरते भाग नसलेल्या डिस्कवरून) वाजवलं की आवाज 'मोकळा' होतो, हे पटलं नाही. एसएसडी आणि जुनी फिरती डिस्क, दोन्हींवरच्या त्याच गाण्याच्या फाइलींचा एमडी५ (फाइलीतल्या बिटांवरून निघणारा ओळख-आकडा) काढा. जुळला तर बिट न् बिट तेच. सीडी दर्जाला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात, २४/१९२ ला (२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ) जेमतेम ९.२ मेगाबिट, १०० मेगाबिटचा साधा नेटवर्क स्विचही पुरून उरतो. गाणं चालू असताना केबल उपटून बघा: बफर (आधीच आणून साठवलेला भाग) संपेपर्यंत तसंच वाजत राहतं. मग केबलचा 'सूर' आला कुठून?

गुणगुण येत असेल तर मात्र शील्डवाल्या (धातूचं आवरण असलेल्या) लॅन केबलवर संशय घ्या, शील्डमधून ग्राउंड लूप होतो, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून नको तो प्रवाह फिरतो. साधी यूटीपी (बिनशील्डची) केबल लावा. पोर्टमधल्या ट्रान्सफॉर्मरमुळे तिच्यातून थेट विद्युतजोड राहत नाही. वायफाय कमी पडलं तर गाणं तुटतं, 'धूसर' होत नाही. फिरत्या डिस्कची घरघर तेवढी खरी. ती दुसऱ्या खोलीत हलवा.