मदत हवी आहे: रिस्क-फाइव्हसाठी बारा हजारांच्या आत कोणता बोर्ड घ्यावा?

नमस्कार मंडळी,

छायाचित्रांचा आकार आणि रंग बदलण्यासाठी सी भाषेत लिहिलेली एक छोटी मुक्तस्रोत लायब्ररी मी फावल्या वेळात सांभाळतो. २०२५ साली डेबियन १३ या लिनक्स आवृत्तीत रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेला अधिकृत स्थान मिळाले, तेव्हापासून तीही त्या प्रोसेसरवर नीट चालावी, अशी माझी इच्छा आहे.

आतापर्यंतचे काम क्यूईएमयूवर, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, निभावले. इंटेलच्या यंत्रांवर साध्या ‘कॅर’मध्ये (सीमधील एका बाइटच्या प्रकारात) ऋण संख्या मावते आणि रिस्क-फाइव्हच्या लिनक्सवर मावत नाही, त्यामुळे उणे एकशी केलेली माझी एक तुलना कधीच खरी ठरत नव्हती, ही चूक तिथेच सापडली. (पंधरा वर्षे सी लिहूनही हे मला ठाऊक नव्हते, हे कबूल करतो.)

मात्र दोन गोष्टी तिथे कळत नाहीत. व्हेक्टर सूचनांनी (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या) लिहिलेले लूप बरोबर उत्तर देतात, पण ते खरोखर वेगवान आहेत का, हे क्यूईएमयूच्या वेळेवरून ठरवता येत नाही. दुसरे म्हणजे, मेमरीतील लेखनांच्या क्रमाबाबत रिस्क-फाइव्हचे नियम इंटेलपेक्षा सैल असल्याने दोन थ्रेडांमधील (एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांमधील) माझी माहितीची रांग प्रत्यक्ष चिपवर बिघडू शकते. परंतु क्यूईएमयू शेवटी माझ्या इंटेल प्रोसेसरवरच चालत असल्यामुळे तशी चूक तिथे दडून राहते.

व्हिजनफाइव्ह २ आणि बनाना पाय एफ३ हे रिस्क-फाइव्ह चिप असलेले दोन छोटे संगणक-बोर्ड मी पाहून ठेवले आहेत. सीमाशुल्क धरून बारा हजारांपुढे जाणे मला शक्य नाही. यांपैकी कोणता घ्यावा, की बोर्ड न घेताच काम भागेल?

प्रतिसाद

व्हेक्टर हवे असतील, तर व्हिजनफाइव्ह २ बाद समजा, कारण त्यातील यू७४ गाभ्यांना (प्रोसेसर कोअरना) ती सोयच नाही. एफ३मधील के१ चिपवर व्हेक्टरची १.० ही मान्य आवृत्ती असून रुंदी २५६ बिट आहे. लिची पाय ४ए कोणी सुचवला, तर त्यातील व्हेक्टरचा ०.७.१ हा जुना मसुदा १.०शी जुळत नाही, हे ध्यानात ठेवा.

रांगेच्या शंकेसाठी मात्र बोर्डावर विसंबू नका. के१चे गाभे सूचना क्रमानेच राबवतात, त्यामुळे चूक असूनही ती महिनोन्‌महिने दिसणार नाही. त्याऐवजी आपल्या सध्याच्या संगणकावरच थ्रेडसॅनिटायझर हे थ्रेडांमधील चुका शोधणारे साधन लावून पाहा. जीसीसी कंपाइल फार्म हा दुरून वापरायच्या संगणकांचा समूह मुक्तस्रोत प्रकल्पांच्या लेखकांना विनामूल्य खाते देतो आणि तिथे रिस्क-फाइव्हची यंत्रेही आहेत. तेव्हा आधी तिथे अर्ज करावा आणि वेग मोजण्याची वेळ आली की मगच पैसे खर्चावेत, असे मला वाटते.

एफ३ घेतलाच, तर उबुंटू २५.१० त्यावर चालवण्याच्या खटपटीत पडू नका. त्या आवृत्तीला आरव्हीए२३ हा प्रोसेसरच्या आवश्यक सोयींचा ठरलेला संच लागतो आणि के१ तिथवर पोहोचत नाही. शिवाय बोर्डासोबतच यूएसबी-सिरीयल केबल (बोर्डाचे संदेश आपल्या संगणकावर दाखवणारी) मागवा, कारण कर्नल सुरू होताना अडकला, तर पडद्यावर बहुधा काहीच उमटत नाही.