दाब आणि १/आकारमान यांचा आलेख सरळ रेषेत का येत नाही?

प्रश्न (शिक्षिका, धरमपेठ, नागपूर):
अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी ६० मिलीची सिरिंज प्लास्टिकच्या नळीने निरपेक्ष (म्हणजे वातावरणाच्या दाबासकट) दाब दाखवणाऱ्या दाबमापकाला जोडून बॉइलच्या नियमाचा (तापमान स्थिर असता ठरावीक हवेचा दाब आणि आकारमान यांचा गुणाकार कायम राहतो) प्रयोग मांडला आहे. ५० मिलीला ९८ किलोपास्कल, ४० ला १२०, ३० ला १५५ आणि २० ला २२० अशा नोंदी मिळतात. दाब आणि १/आकारमान यांचा आलेख आरंभबिंदूतून जाणारी सरळ रेषा असायला हवा. प्रत्यक्षात दाब वाढतो तसतसे बिंदू रेषेच्या खाली झुकतात आणि दोन्हींचा गुणाकार ४९०० वरून ४४०० वर घसरतो. हवा गळत असावी म्हणावे, तर दट्ट्या पुन्हा ५० मिलीवर आणल्यावर दाब ९८ च भरतो. मग हा फरक कशामुळे पडतो?

उत्तर १:
गळती नाही, हे आपले अनुमान बरोबर आहे. सिरिंजवरचे आकडे फक्त सिरिंजमधली हवा सांगतात, पण नळीतली आणि दाबमापकाच्या तोंडाशी असलेली हवाही तितकीच दाबली जाते. हे जादा आकारमान ‘न’ मानले, तर ९८ × (५० + न) = २२० × (२० + न), म्हणजे न सुमारे ४.१ मिली येते. ५ मिमी आतील व्यासाच्या २० सेमी नळीत ३.९ मिली हवा मावते, त्यामुळे हा आकडा अवास्तव नाही. प्रत्येक आकारमानात ४.१ मिळवून पाहा : चारही गुणाकार ५२८५ ते ५३०२ यांच्या दरम्यान येतात.

माझी आग्रहाची विनंती अशी, की ही दुरुस्ती विद्यार्थ्यांना आयती देऊ नये. उभ्या अक्षावर आकारमान आणि आडव्या अक्षावर १/दाब घ्यायला सांगावे. रेषा सरळ येईल, मात्र ती खाली वाढवल्यावर उभ्या अक्षाला शून्याखाली ४.१ वर छेदेल आणि नळीतली हवा त्यांना आलेखातूनच सापडेल.

उत्तर २:
तापमानाकडेही लक्ष असू द्यावे. दट्ट्या झटकन दाबला की हवा तापते, म्हणून दाबमापकाचा काटा स्थिरावल्यावरच नोंद घ्यावी. शिवाय नागपूरच्या उन्हाळ्यात सकाळच्या तुकडीला प्रयोगशाळेत ३० अंश आणि दुपारच्या तुकडीला ४२ अंश तापमान असेल, तर ३०३ आणि ३१५ केल्विन यांच्या गुणोत्तरामुळे त्याच हवेचा गुणाकार ४ टक्क्यांनी वाढतो. दोन्ही तुकड्यांच्या नोंदी एकाच वक्रावर बसवू नयेत. दोन वेगळे समतापी (एकाच तापमानाच्या नोंदींचे) वक्र काढावेत.

प्रश्नकर्ती:
नळी मोजली, १९ सेमी भरली. याच साहित्यावर पुढे चार्ल्सचा नियम (दाब स्थिर असता हवेचे आकारमान तापमानाबरोबर वाढते) घ्यायचा विचार आहे. आडव्या अक्षावर तापमान अंश सेल्सिअसमध्ये घेऊन आकारमानाचा आलेख काढला तर चालेल का?

उत्तर १:
अवश्य काढावा. रेषा आरंभबिंदूतून जाणार नाही, पण मागे वाढवल्यावर आडव्या अक्षाला −२७३ अंशांच्या जवळपास छेदेल, आणि केल्विन मापनाचे शून्य तिथेच का आहे हे त्यावरून दाखवता येईल. त्यासाठी नोंदी बर्फाच्या पाण्यापासून ९० अंशांच्या गरम पाण्यापर्यंत घ्याव्यात, कारण तापमानाचा पल्ला तोकडा असला की उतारातली किंचित चूक छेदबिंदूला कितीतरी अंश सरकवते. नळीही सिरिंजबरोबर पाण्यात पूर्ण बुडालेली असावी. नाहीतर तिच्यातली हवा खोलीच्याच तापमानाला राहील.