मदत हवी आहे: कमी दिवसांच्या बाळाला शेजारणीचं दूध द्यावं का?

नमस्कार, जरा घाईत लिहितेय. माझ्या धाकट्या बहिणीची डिलिव्हरी ३१व्या आठवड्यातच झाली, बाळ रत्नागिरीला काचेच्या पेटीत आहे, नळीने दूध देतायत आणि बहिणीला पंप लावून कसंबसं दोन-तीन चमचेच दूध येतंय. आमच्या देवगडला शेजारची वैनी नुकतीच बाळंत झालीय, तिला भरपूर दूध आहे आणि बिचारी द्यायला तयार पण आहे. पण डॉक्टर म्हणाले कच्चं दूध अजिबात नको, मिल्क बँकेतलं (दुसऱ्या आयांनी दान केलेलं) मागवतो. त्यावर बहिणीच्या सासूबाई, "आमच्या वेळेक शेजारीण पाजी, कोणाक काय झाला नाय." आता माझा प्रश्न असा की वैनीचं दूध घरी उकळून, बर्फाच्या डब्यातून नेलं तर? आणि बँकेतलं दूध तरी जंतू नसलेलं असतं का, कारण इथे पावसात लाईट गेली की दिवसदिवस येत नाही, फ्रीजर बंद पडला तर काय?

प्रतिसाद:
ताई, मी नवजात विभागात नर्स आहे. डॉक्टर बरोबर सांगतायत. तेव्हा शेजारणी पाजायच्या ती पूर्ण दिवसांची बाळं, कमी दिवसांच्या बाळांच्या आतड्यात आणि अंगात तेवढी ताकद नसते. उकळू नका, दुधातले कामाचे घटक जातात, आणि स्टॅफ नावाच्या जंतूचं विष एकदा दुधात तयार झालं असेल तर ते उकळूनही जात नाही.

बँकेत आधी दूध देणाऱ्या आईची एचआयव्ही, कावीळ बी, सिफिलिस वगैरे तपासणी होते, मग दूध ६२.५ डिग्रीला ३० मिनिटं ठेवून लगेच गार करतात आणि नंतर कल्चर लावतात (म्हणजे जंतू वाढतात का बघतात), काही उगवलं तर ते दूध फेकतात. फक्त बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू (त्याचं टणक, सुप्त रूप) या तापमानाला मरत नाहीत, म्हणून कल्चर महत्त्वाचं. आणि खरं सांगू, धोका शेवटच्या हाताळणीतही असतो. २०१९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हानियातल्या एका हॉस्पिटलात सुडोमोनस नावाच्या दुसऱ्या जंतूने तीन बाळं गेली, दूध चांगलं होतं, ते मोजायच्या साहित्यात जंतू होता.

लाईटचं म्हणाल तर फ्रीजर उणे २० ला लागतो, बॅकअप आहे का विचारा, विचारायला लाजू नका. वितळलेलं दूध परत गोठवायचं नाही, फ्रीजमध्ये ठेवून २४ तासांत वापरायचं.

बहिणीचं दूध मात्र सगळ्यात आधी, चमचाभर असलं तरी. दिवसरात्र मिळून आठेक वेळा पंप करू दे. पंपाची ती छोटी रबरी झडप काढून धुवा, तिच्या घडीत दुधाचा चिकट थर राहतो, आणि विहिरीचं पाणी असेल तर उकळूनच. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवू नका, आपल्याकडे दमट हवेत काही सुकत नाही.

धागाकर्ती:
थँक्यू ताई! वैनीचं दूध मग फुकट जाणार का?

प्रतिसाद:
नाही हो, वैनीलाच बँकेत विचारायला सांगा, तपासण्या करून ते घेतात.