मदत हवी आहे: ब्राउझरचं ‘वाचून दाखवा’ सुरू केलं की प्रोसेसर तापतो (सोय बंद करायची नाही, आईसाठी हवी आहे)

अबोली_लालबाग

नमस्कार मंडळी,

आई ७४ वर्षांची आहे. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत गेल्यामुळे नजरेसमोर धरलेलं अक्षर तिला दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. त्यामुळे घरात व्यवस्थित वावरते, कुकर लावते, जिना उतरून कोथिंबीर आणते, पण वाचन सुटलं. वाण्याकडून आलेल्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचणारी बाई ती. गेल्या हिवाळ्यापासून लॅपटॉपवर ऐकायला लागली आहे. ब्राउझरमध्ये पान ‘वाचन-दृश्यात’ उघडायचं आणि हेडफोनच्या चित्रावर क्लिक करायचं, की मजकूर वाचला जातो. विश्वकोशातल्या नोंदी, मराठी विकिपीडिया, दिवाळी अंकांतले जुने लेख असं काहीही. आवाज यंत्राचा आहे हे कळतं, पण ती म्हणते, “कळतंय ना, मग झालं.”

लॅपटॉप २०१५ चा. आय-थ्री, पाचव्या पिढीचा, दोन कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), ४ जीबी रॅम. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ या प्रोसेसरवर चालत नाही, म्हणून भाच्याने विंडोजच्या जागी लिनक्स टाकून दिलं. ब्राउझर त्याच्यासोबत आलेलाच आहे, फायरफॉक्स.

त्रास असा. वाचन सुरू केलं की पाच-सात मिनिटांत पंखा घरघरायला लागतो. थोड्या वेळाने आवाज अडखळतो, एकच शब्द दोनदा येतो, मध्येच दोन सेकंद शांतता. परवा ती १९८२ च्या गिरणी संपावरचा लेख ऐकत होती. बाबा त्या संपात होते, त्यामुळे तो लेख तिला शेवटपर्यंत ऐकायचाच होता. निम्म्यावर आवाज इतका तुटायला लागला की तिने झाकण मिटून ठेवलं. मी संध्याकाळी घरी आले तेव्हा म्हणाली, “त्याला धाप लागली बघ, मी म्हटलं निजू दे.”

वाचन थांबवलं, अगदी ते पान बंद केलं, तरी पंखा चालूच राहतो.

आत्तापर्यंत केलेलं: ॲडऑन सगळे बंद केले, ब्राउझर नव्याने टाकला, सॉफ्टवेअर सेंटरमधून दोन-तीन वेगळे आवाज घालून पाहिले. हिंदी आवाजही लावून पाहिला. तो तर आईला अजिबात चालत नाही. ‘चाळ’ तो ‘च्याळ’ म्हणतो आणि ‘जहाज’ हिंदीतल्यासारखं. उभं आयुष्य चाळीत काढलेल्या बाईला तो शब्द कानाला टोचतो.

दुपारी दोन ते चार ती एकटी असते आणि मी ऑफिसात. माझ्याशिवाय चालेल असं काहीतरी करून द्यायचं आहे. कोणाला यातलं कळत असेल तर कृपया सांगा.

दादरकर

ताई, आधी लॅपटॉप उघडून पंखा साफ करून घ्या. मुंबईची दमट हवा आणि रस्त्यावरची धूळ मिळून पंख्यावर लगदा बसतो. दहा वर्षांच्या मशीनची थर्मल पेस्टही (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळली असणार. आणि लॅपटॉप ठेवता कुठे? गादीवर असेल तर खालच्या जाळ्या बंद होतात.

अबोली_लालबाग

गादीवरच ठेवते ती, मांडीशी उशी घेऊन. आजपासून देव्हाऱ्याजवळचा छोटा चौरंग दिला आहे. पंखाही उद्या गल्लीतल्या दुकानात साफ करून घेते. पण नुसती गाणी लावली किंवा व्हिडिओ पाहिला तर इतका तापत नाही. वाचनालाच का?

टर्मिनल_वारकरी

तुमचा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, तिथूनच धरू.

लिनक्सवर ब्राउझर स्वतः बोलत नाही. तो मजकूर ‘स्पीच डिस्पॅचर’ नावाच्या मध्यस्थाकडे देतो. तो मध्यस्थ एकेका आवाजासाठी वेगळं मोड्यूल (छोटा जोड-प्रोग्रॅम) चालवतो, आणि मोड्यूल प्रत्यक्ष आवाज तयार करून स्पीकरकडे पाठवतं. थोडक्यात, ब्राउझर, मध्यस्थ आणि आवाजाचं इंजिन अशा तीन पायऱ्या आहेत. कोणती पायरी तापते ते आधी पाहू.

मराठीसाठी तुमच्याकडे बहुधा ईस्पीक-एनजी हे आवाजाचं इंजिन चालत असणार. त्याचा मूळ अवतार १९९५ मध्ये एकॉर्नच्या संगणकांसाठी लिहिला होता. माणसाच्या आवाजाचे तुकडे न जोडता तो गणिताने ध्वनी बनवतो, म्हणून फार हलका आहे. तीस वर्षांपूर्वीच्या यंत्रावर जे चालत होतं, त्याने तुमच्या आय-थ्रीला धाप लागायला नको. मला वाटतं आवाज निर्दोष आहे, दुसरंच काहीतरी अडकून पडलं आहे.

वाचन सुरू करा, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा, ‘टॉप’ ही कमांड द्या (इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत; कोणता प्रोग्रॅम प्रोसेसर किती वापरतो ते ती दाखवते) आणि वरच्या चार ओळी इथे लिहा. मग वाचन थांबवून परत पाहा. एक लक्षात ठेवा, टॉपमध्ये १०० टक्के म्हणजे एक पूर्ण कोअर, सगळा प्रोसेसर नव्हे.

अबोली_लालबाग

रात्री आई झोपल्यावर केलं. वाचन चालू असताना ब्राउझर २२ ते ३० च्या मध्ये. त्याच्यावर ‘एसडी’ने सुरू होणारी एक ओळ, ती ९९-१०० वर चिकटलेली. ‘एसडी’च्याच आणखी तीन ओळी खाली, त्या शून्याच्या आसपास. तापमान ८८ अंश.

वाचन थांबवल्यावर ब्राउझर ३ वर आला. ती वरची ओळ मात्र १०० वरच! दहा मिनिटं बघत बसले, हलली नाही. ब्राउझर पूर्ण बंद केला तेव्हा गेली.

पाऊसपाणी

हा त्रास मलाही होता. ब्राउझरच्या प्रगत सेटिंगमध्ये वेब स्पीचचा (पानं बोलून दाखवण्याचा) पर्याय बंद केला की सुटतो. किंवा स्पीच डिस्पॅचरच काढून टाका. मी काढला, एकदम शांतता.

अबोली_लालबाग

धन्यवाद, पण मग वाचनच बंद होईल ना? शोधलं तिथे जवळजवळ सगळीकडे हाच उपाय मिळतो, ‘बंद करा, काढून टाका’. ज्यांना ही सोय नको आहे त्यांच्यासाठी ते ठीक आहे. माझ्या घरात ती एका माणसाची दुपार आहे. ती बंद करून पंखा शांत झाला तर मला काय मिळालं?

टर्मिनल_वारकरी

अगदी बरोबर. शिवाय दृष्टी नसलेले लोक वापरतात तो ‘ऑर्का’ हा स्क्रीन रीडरही (पडद्यावरचं सगळं बोलून सांगणारा प्रोग्रॅम) याच डिस्पॅचरवर बोलतो. तो काढला की ऑर्का मुका होतो. तेव्हा पाऊसपाणी यांचा उपाय ज्याला ऐकायचं नाही त्याच्यापुरता.

तुमच्या आकड्यांवरून चित्र बरंच स्पष्ट झालं. ‘एसडी’च्या त्या ओळी म्हणजे डिस्पॅचरची मोड्यूलं. वेगळे आवाज घालून पाहिलेत, त्यांची मोड्यूलं राहून गेली आहेत. डिस्पॅचरच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये कोणतं मोड्यूल घ्यायचं हे सांगितलेलं नसेल, तर तो सापडतील तेवढी सगळी उठवतो. त्यातलं एक फिरत राहिलं आहे, कोणी बोलायला सांगितलेलं नसतानाही. आणि ब्राउझरने एकदा डिस्पॅचरशी जोडणी केली की पान बंद करून ती सुटत नाही, ब्राउझर बंद केल्यावरच सुटते. म्हणून तुमचा पंखा थांबत नव्हता. अडखळण्याचं कारणही हेच दिसतं: प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, मग आवाजाचे तुकडे वेळेवर पोचत नाहीत.

खात्री करायला आधी ब्राउझर बंद ठेवून ईस्पीक-एनजीला थेट टर्मिनलवरून मराठीत एक परिच्छेद वाचायला लावा (भाषेचा संकेत ‘एमआर’). टॉपमध्ये तो जेमतेम हलला, तर इंजिन सुटलं.

मग टर्मिनलमध्ये ‘एसपीडी-कॉन्फ’ ही कमांड चालवून तुमच्या खात्यापुरती कॉन्फिग फाइल बनवा. मूळ फाइलला हात लावू नका. होम फोल्डरमधल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात ती मिळेल. त्यात ‘ॲड-मोड्यूल’च्या बऱ्याच ओळी असतील. ईस्पीक-एनजीच्या ओळीपुढचं हॅशचं चिन्ह काढा (हॅश असलेली ओळ डिस्पॅचर वाचत नाही), बाकी सगळ्यांपुढे ते राहू द्या. ‘डिफॉल्ट-मोड्यूल’ला ईस्पीक-एनजी, ‘डिफॉल्ट-लँग्वेज’ला एमआर. लॉग-आउट करून परत या.

नको असलेले आवाज सॉफ्टवेअर सेंटरमधून काढलेत तर आणखी चांगलं, पण ते नंतर. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही.

दादरकर

हे मलाही नवीन आहे. वाचतोय. ताई, तरी पंखा साफ कराच.

अबोली_लालबाग

शनिवारी सुट्टी होती, सगळं क्रमाने केलं.

ईस्पीक-एनजी थेट चालवला तेव्हा टॉपमध्ये त्याची ओळ शोधावी लागली, दोन-तीन टक्के. म्हणजे तुम्ही म्हणालात तसंच. कॉन्फिगमध्ये पहिल्यांदा चूक झाली, हॅश काढताना ओळीतलं अवतरणचिन्हही खोडलं गेलं आणि आवाजच येईना. अर्धा तास त्यात गेला. ते परत घातल्यावर सुरू झालं.

आता ‘एसडी’ची एकच ओळ उरली आहे. वाचन चालू असताना ३ ते ५, थांबवलं की शून्य. ब्राउझर १५ च्या आत-बाहेर. पंखाही साफ करून आणला (दादरकर, जाळीतून खरंच लोकरीसारखा पट्टा निघाला) आणि आता तापमान ६० च्या आसपास राहतं. दोन्ही गोष्टी झाल्यामुळे तापमानातला कुणाचा वाटा किती ते सांगता येणार नाही, पण १०० वर चिकटलेली ओळ पंखा साफ करायच्या आधीच गेली होती.

आईने दुपारी संपावरचा तो लेख पुरा ऐकला. नंतर बराच वेळ बाबांच्या खात्यातल्या लोकांची नावं सांगत होती. मी ती लिहून ठेवली आहेत.

टर्मिनल_वारकरी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

दोन बारीक शंका आहेत. एक, ‘डॉ. दत्ता सामंत’ असं आलं की ‘डॉ.’नंतर आवाज वाक्य संपल्यासारखा थांबतो. दुसरी, हेडफोनचं ते चित्र आईला दिसत नाही. मी सकाळी सुरू करून दिलं तरच चालतं, आणि लेख संपला की संपलं.

टर्मिनल_वारकरी

आभार राहू द्या, आईंना नमस्कार सांगा.

पहिल्यावर माझ्याकडे सोपा उपाय नाही. टिंबाला तो पूर्णविराम समजतो. काही दिवसांत कानाला सवय होते.

दुसऱ्यावर आहे. चित्र शोधायचंच नाही, कळा वापरायच्या. लिनक्सवर तुमच्या ब्राउझरमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि आर एकत्र दाबले की वाचन-दृश्य उघडतं. ते उघडल्यावर एन दाबला की वाचन सुरू, परत एन दाबला की थांबतं. उजव्या बाणाने पुढचा परिच्छेद, डाव्याने मागचा. ब्राउझर उघडल्यावर आईंच्या आवडीची पानं आपोआप उघडतील असं सेटिंगमध्ये ठेवा, म्हणजे पत्ता टाइप करावा लागणार नाही. एका टॅबवरून दुसऱ्यावर जायला कंट्रोल आणि टॅब.

पाऊसपाणी

एफ आणि जे या कळांवर बोटाला लागणारा उंचवटा असतो. जे सापडला की एन त्याच्या खालच्या रांगेत, किंचित डावीकडे. तिथेही काहीतरी चिकटवून द्या. (माझा आधीचा सल्ला घाईचा होता, सोयीची गरज कुणाला असते हे डोक्यातच आलं नाही.)

अबोली_लालबाग

चिकटवलं. आईनेच तिच्या डबीतली खड्याची टिकली काढून दिली. आर वर एक, एन वर एक. कंट्रोल आणि ऑल्ट कडेला आहेत, ते तिला मोजून सापडतात.

आज सव्वादोनला ऑफिसात तिचा फोन आला. मला वाटलं काहीतरी अडलं. मागे विश्वकोशातली आंब्याची नोंद वाचली जात होती. म्हणाली, “काही नाही ग, मी एकटीने लावलं, तेवढंच सांगायला केला,” आणि फोन ठेवून दिला.