'कोर्ट' पाहिला, आता पुढे काय पाहावे?

प्रश्न:
चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) परवा पाहिला आणि अजून त्यातून बाहेर आलेलो नाही. मॅनहोलमध्ये मरण पावलेल्या सफाई कामगाराची पत्नी साक्षीत सांगते की, आत उतरण्यापूर्वी तो झुरळे दिसतात का ते पाहायचा. हे ती इतक्या सपाट आवाजात सांगते की ऐकताना अंगावर काटा येतो. असाच संयत मराठी चित्रपट कृपया सुचवावा.

पहिले उत्तर:
अविनाश अरुण यांचा 'किल्ला' अवश्य पाहा. वडिलांच्या निधनानंतर आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात आलेला चिन्मय भर पावसात किल्ल्यावर एकटा सापडतो, तेव्हा त्याच्या मनातली भीती आणि पोरकेपण दोन्ही एका शब्दावाचून आपल्यापर्यंत पोहोचतात. छायाचित्रणही दिग्दर्शकाचेच आहे.

दुसरे उत्तर:
'किल्ला' मलाही प्रिय आहे, परंतु त्यात ऊब अधिक आहे. आपल्याला 'कोर्ट'चाच संयम हवा असेल, तर ताम्हाणे यांचाच 'द डिसायपल' पाहावा, ज्याला २०२० साली व्हेनिस महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळाला. मुंबईच्या निर्मनुष्य रस्त्यांवरून रात्री मोटारसायकल चालवत शास्त्रीय गायन शिकणारा नायक शरद थोर गायिका माईंच्या ध्वनिमुद्रित शिकवणीचे बोल ऐकतो. माईंचा तो आवाज चित्रपट दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. रागसंगीताची जाण नसली तरी अडत नाही, मात्र घाईने पाहू नये.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज रात्री 'द डिसायपल' पाहतो. 'किल्ला' रविवारी आईसोबत पाहीन.