मदत हवी आहे: गॅलॅक्टोज देऊनही यीस्टमधलं जीएएल१ जनुक चालू होत नाही

प्रश्न (यीस्टवाली): सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी, डब्ल्यू३०३ स्ट्रेन. रात्रभर २% ग्लुकोजच्या वायपीडीत (यीस्ट वाढवायचं पोषक माध्यम) वाढवून, पेशी धुऊन २% गॅलॅक्टोजमध्ये टाकल्या. ३० अंश, १८० आरपीएम. तासाभराने आरएनए काढून क्यूपीसीआर (कोणत्या जनुकाचा आरएनए किती आहे ते मोजणारी चाचणी) केलं. जीएएल१चा सीटी (संकेत दिसायला लागलेली चक्रं; एक कमी म्हणजे आरएनए दुप्पट) ३१ वरून ३०, संदर्भाला घेतलेल्या एसीटी१चा १८ वरून २०. गणिताने आठपट वाढ येते, पण पुस्तकांत हजारपट म्हणतात. कुठे चुकतंय?

पेट्रीपंत: तास फार कमी झाला. ग्लुकोज असताना मिग१ प्रथिन जीएएल१च नव्हे, त्याला चालू करणाऱ्या जीएएल४लाही दाबून धरतं. ग्लुकोज संपलं की मिग१ काही मिनिटांत केंद्रकाबाहेर जातं, पण जीएएल४, गॅलॅक्टोज ओळखणारं जीएएल३ आणि साखर आत ओढणारं जीएएल२ यांचा साठा नव्याने तयार व्हायला काही तास लागतात.

म्हणून आधी २% रॅफिनोजमध्ये वाढवा. ते दाबतही नाही, चालूही करत नाही. जीएएल४ जागेवर असतं, फक्त जीएएल८० या रोधक प्रथिनाने अडवलेलं. ओडी (गढूळपणावरून पेशींची घनता) ०.५ला ९० मिली कल्चरमध्ये २०% गॅलॅक्टोज १० मिली घाला, कंट्रोलमध्ये तेवढंच पाणी. धुणं नकोच. नमुने ०, १०, ३०, ६० मिनिटांना. साखरा ऑटोक्लेव्ह न करता फिल्टर करा. गॅलॅक्टोजच्या बाटलीवर ग्लुकोज ०.१%पेक्षा कमी लिहिलंय ना, तेही बघा.

सीटीमास्तर: तुमची आठपटही खरी नाही. आरएनए सारखाच घेतला असेल तर एसीटी१ दोन सीटीने मागे गेलं, म्हणजे चौपट घटलं. त्यानेच गुणोत्तर फुगलंय. जीएएल१ जेमतेम दुप्पट. साखर बदलली की एसीटी१ हलतं, तेव्हा टीएएफ१० आणि एएलजी९ संदर्भाला घ्या. शिवाय जीएएल१मध्ये इंट्रॉन (आरएनएमधून कापला जाणारा तुकडा) नाही, त्यामुळे सीटी ३० हा उरलेल्या डीएनएचाही असू शकतो. डीएनेज (डीएनए तोडणारं विकर) द्या आणि रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजशिवायची (आरएनएवरून डीएनए बनवणारं विकर न घातलेली) नळी लावाच. तिचा सीटीही ३०च्या आसपास आला तर सगळा आकडा बाद.

नमुना व्हॅक्युमवर फिल्टर करून थेट द्रव नायट्रोजनमध्ये. बर्फाच्या पाण्यात धुवत बसलात तर ताणाची जनुकं तेवढ्यात बदलतात.

यीस्टवाली: रॅफिनोज महाग पडतं. ग्लिसरॉल चालेल?

पेट्रीपंत: जीएएल१पुरतं चालेल, ३% घ्या. वाढ बरीच मंद होते, पेटीट (श्वसन न करू शकणाऱ्या) पेशी तर वाढतच नाहीत. पण त्याच नमुन्यांत एडीएच२ (इथेनॉल वापरायचं जनुक) किंवा श्वसनाची जनुकंही मोजणार असाल तर नको, ती ग्लिसरॉलवर आधीच चढलेली असतात.